टेंभुर्णीच्या भिंतीवरचा अर्धा जपान

मला जुन्या जपानी सिनेमांची पोस्टरं जमवायचा नाद आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. बायको सुस्कारा सोडते. "दारू पीत नाहीत, एवढं त्यातल्या त्यात बरं," असं ती म्हणते आणि विषय संपतो.

नाद लागला तो कंपनीमुळे. मी पुण्यात पंपांच्या कारखान्यात होतो. कंपनीने एकदा ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं. सुट्टीच्या दिवशी बाकीचे लोक कॅमेऱ्यांच्या दुकानांत गेले, मी रस्ता चुकून टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत शिरलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने एक पोस्टर उलगडलं. हाताने रंगवलेलं चित्र, त्यात एक तरुण भिक्खू, मान खाली, डोळे मिटलेले, ओठ किंचित विलग. मागे जांभळट आकाश. मी जागच्या जागी खलास. दुकानदार मला काहीतरी कळकळीने सांगत होता. स्वतःच्या पोटावर हाताने आडवी रेघ ओढायचा आणि खाली बोट दाखवायचा. मला वाटलं, सिनेमाच्या शेवटी भिक्खू पोट फाडून घेतो. मी दुःखी चेहरा केला, वाकून आभार मानले आणि पोस्टर घेऊन आलो. पुढे कितीतरी महिने मी ही पोट फाडायची गोष्ट लोकांना रंगवून सांगत होतो.

मग एका जाणकाराने माझी कीव केली. म्हणाला, अहो, तिकडे मोठं पोस्टर दोन कागदांवर छापायचे आणि एकाखाली एक लावायचे. तुमच्याकडे नुसता वरचा कागद आहे. दुकानदार बिचारा तेच सांगत असणार, की हे कमरेपासून खाली नाही.

बुद्धाच्या देशाकडे पायी निघालेल्या एका जपानी भिक्खूचा तो सिनेमा. आता त्याची रिळंसुद्धा शिल्लक नाहीत म्हणे. खालचा कागद जपानातल्या शौकीन लोकांनीही पाहिलेला नव्हता. मी मात्र वरच्या अर्ध्या भागावर एका प्रदर्शनात भाषण ठोकलं. "ही मिटलेली पापणी पाहा. ही ध्यानमग्नता!" टाळ्या पडल्या.

आणि एके दिवशी माझा कॉलेजातला मित्र दिगंबर याने जालन्याहून मोबाइलवर एक फोटो पाठवला. फोटोत तो, त्याच्यासमोर भाकरी, ठेचा, येसराची आमटी, आणि खाली ओळ: "जळ लेका." तो तिकडे शाळेत शिकवतो, आणि हे जेवण त्याच्या सहकाऱ्याच्या घरी, टेंभुर्णीला झालं होतं. मी खरंच जळालो, पण आमटीवर नाही. दिगंबरच्या कानामागे भिंतीवर एक चित्र होतं आणि त्याच्या उजव्या कडेला जपानी अक्षरांची उभी ओळ. फोटो मोठा करून बघितला. चित्राच्या वरच्या कडेला भिक्खूच्या वस्त्राच्या चुण्या होत्या आणि तिथेच कागद संपत होता. माझ्या कागदावर त्याच चुण्या सुरू होत होत्या.

जालना

पुणे ते जालना या प्रवासाबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी झोपलो होतो आणि शेजाऱ्याच्या तक्रारीनुसार घोरत होतो.

स्टेशनवर दिगंबर आला. माझ्या खांद्याला प्लास्टिकचा लांब पाइप लटकत होता, दोन्ही तोंडांना झाकणं लावलेला. पोस्टर न्यायला यापेक्षा चांगली सोय नाही. आत माझा वरचा कागद होता. खालचा मिळाला तर जोड जुळतो का ते जागेवरच बघायचं होतं.

"बोअर घ्यायला आलास का?" दिगंबर म्हणाला.

चहा पिताना मी त्याला बेत सांगितला. वरचा कागद आपल्याकडे आहे हे सुरुवातीला अजिबात बोलायचं नाही. आधी गप्पा मारायच्या, मग म्हणायचं, तुमचं ते चित्र फारच जुनं झालंय, त्याच्या बदल्यात हे नवं कोरं घ्या. त्यासाठी मी जालन्याच्या बाजारात जाऊन बुद्धाची एक चकचकीत तसबीर घेतली. बटण दाबलं की डोक्यामागे निळे-पिवळे दिवे फिरायचे.

दिगंबर बराच वेळ त्या फिरत्या दिव्यांकडे बघत राहिला. "तू एवढा शिकलेला माणूस," तो म्हणाला, "आणि जुन्या साड्यांवर पातेली देणाऱ्या बाईसारखा धंदा करायला निघालास?"

"त्या बाईचा धंदा चालतो तरी," मी म्हणालो.

"ज्यांच्या घरी जातोयस ते मिलिंद सर माझे मित्र आहेत, एवढं ध्यानात ठेव." असं बजावून तो शाळेच्या कामाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला एकट्यानेच जायचं होतं. त्याने ते मुद्दाम केलं, असा मला आजही संशय आहे.

टेंभुर्णी

जाफराबादच्या एसटीत पाइपने माझी ओळख करून दिली. शेजारी बसलेल्या काकांनी आधी पाइपवर टिचकी मारली.

"किती इंची?"

"तीन."

"लई पातळ हाय. उन्हानं तडकून जाईल. कुठून घेतला?"

मी म्हणालो, पाण्यासाठी नाही, चित्रासाठी आहे. काकांनी ते पुढच्या बाकड्याला सांगितलं, पुढच्या बाकड्याने त्याच्या पुढच्याला. हळूहळू निम्मी गाडी मागे वळून बघायला लागली. "पुण्याचे हायेत," कोणीतरी खुलासा केला आणि सगळ्यांचं समाधान झालं. काकांनी पिशवीतून मोसंबी काढून सोलून दिली. जन्मभर पुण्यात जी खाल्ली ती मोसंबी नसून मोसंबीची आठवण होती, हे मला तेव्हा कळलं. खिडकीबाहेर कपाशी वेचणीला आली होती. काळ्या मातीवर जिकडेतिकडे पांढरे ठिपके. मी रस पाइपवर सांडला आणि काकांनी तो आपल्या रुमालाने पुसला, वर मलाच म्हणाले, "राहू द्या, होतं असं."

फाट्यावर मिलिंद सर मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, हसरे. ते "जयभीम" म्हणाले. मी गडबडून आधी नमस्कार केला, मग जयभीम म्हणालो आणि जपानी सवयीने कमरेत वाकलो. वाकताना खांद्यावरचा पाइप पुढे आला आणि सरांच्या गाडीच्या आरशावर आदळला.

"ऱ्हाऊ द्या सर, तो आरसा तसाबी ढिलाच होता," ते म्हणाले. हा माणूस पुढचा दीड दिवस मला असाच माफ करत राहिला.

घर नवं, स्लॅबचं, फिकट निळ्या रंगाचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर. तिच्या डोक्यामागे दिवे फिरत होते, निळे आणि पिवळे. शिवाय लाल. माझ्या पिशवीतल्या तसबिरीच्या दुप्पट आकाराची. मी पिशवी पायांमागे सरकवली.

"चला, चित्र बघायचंय ना तुम्हाला," म्हणत सरांनी मला मधल्या खोलीत नेलं आणि माझा उरलेला बेतही तिथेच आडवा झाला. खोलीच्या तीन भिंती विटांच्या, गुळगुळीत. चौथी जाडजूड, मातीची, पांढऱ्या मातीने सारवलेली, जरा पोट सुटलेली. आणि पोस्टर त्या भिंतीवर टांगलेलं नव्हतं. चिकटवलेलं होतं. कागद आणि भिंत वेगळी राहिलीच नव्हती.

"बाबांनी लावलेलं हाय," सर म्हणाले. "नवीन घर बांधलं तवा मिस्तरी म्हणला, ही भिंत पाडा. आई म्हणली, मंग घरच बांधू नका. शेवटी हिला मधी धरून बाकीचं बांधलं." मग माझ्या पाइपकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "भिंत नेता का सर?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्या सरांच्या पत्नी, संगीताताई. मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पण जवळ गेलो आणि हसू विसरलो. नदीकाठच्या पायरीवर एक तरुण उभा होता. धोतर, उघडे बाहू, डोक्याला इकडच्याच पद्धतीने बांधलेला रुमाल. त्याने तांब्या तिरका धरला होता आणि पाण्याची चकचकीत धार खाली दोन हातांच्या ओंजळीत पडत होती. ओंजळ मोठी, कारण नायकाला मोठं काढायची पोस्टरांची रीतच आहे. ओंजळीमागून भगव्या वस्त्राच्या चुण्या वर चढत होत्या आणि कागदाच्या कडेला तुटत होत्या. जपानी सिनेमाच्या पोस्टरवर मराठवाड्याचा रुमाल! मी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, चढवले आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. जुन्या कागदाला हाताचा घाम लागू नये म्हणून आम्ही शौकीन लोक हे करतो.

"हातांला काय झालं?" दारातून आवाज आला. "इसब हाय का?"

त्या गयाबाई, सरांच्या आई. ऐंशीच्या आसपास, काटक, पांढरी शुभ्र साडी.

"आई, त्यांची तशी पद्धत हाय," सर म्हणाले.

"असंल. आधी जेवू घाला त्यांना."

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, फोटोत पाहिलेली ती येसराची आमटी आणि ठेचा. संगीताताईंनी विचारलं, "तिखट चालंल ना?" आम्ही पुण्याचे लोक या प्रश्नाला अपमान समजतो. मी ठेच्याचा गोळा भाकरीवर घेतला, भाजी घेतात तेवढा. नंतर काही काळ मला घर, गाव, जपान काहीच दिसत नव्हतं. कोणीतरी हातात दह्याची वाटी दिली, कोणीतरी गूळ दिला. गयाबाई म्हणाल्या, "रडू नका, ऱ्हाईल आता." आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू का?" असं विचारतात आणि तो नको म्हणाला की लगेच पातेलं उचलतात. इथे मी नको म्हणून ताटावर आडवा हात धरला, तर संगीताताईंनी हाताच्या बाजूने भाकरी सरकवली.

जेवणानंतर गयाबाई भिंतीजवळ बसल्या. मी विचारलं, हे चित्र इथे आलं कसं?

"हे हायेत ना," त्यांनी तांब्या धरलेल्या तरुणाकडे बोट केलं, "हेच आमचे मालक."

मी पुन्हा चित्राकडे बघितलं, मग मिलिंद सरांकडे. तेच कपाळ, तेच नाक.

"फर्दापूरला मामाकडं ऱ्हायचे, लगीन व्हायच्या आधी. अजिंठ्याच्या लेण्यांत जपानचा एक चित्र काढणारा आल्ता. आत अंधार. मंग ह्यांनी बाहीर आरसा धरायचा, ऊन आत पाडायचं, आन् त्यानं त्या उजेडात भिंतीवरलं बघून काढायचं. तिकडं त्याचा धंदा शिनेमाच्या पाट्या रंगवायचा होता म्हणत. एक दिवस त्याला लई तहान लागली. ह्यांच्यापाशी घरून आणलेला तांब्या. ह्यांनी खुणा करून सांगितलं, माझ्या हातचं हाय बरं का. त्याला काय कळतंय! मंग ह्यांनी वरून धार धरली. आम्हाला वाढायचे ना तसं. भांड्याला हात लागू द्यायचे न्हाईत आमच्या वक्ताला. वरून वतायचे, खाली वंजळ धरायची. ह्यांला पाणी द्यायची दुसरी रीत ठावीच नव्हती."

त्या सहज बोलत होत्या, कुठल्या तरी लग्नाची हकिगत सांगावी तशा. मी माझ्या हातांकडे बघितलं. जेवून उठल्यावर पुन्हा चढवलेले पांढरे हातमोजे. ते काढायला मला नको इतका वेळ लागला, कारण एक बोट अडकलं.

"मी ह्यांला विचारायची," गयाबाई पुढे म्हणाल्या, "तुमच्या हातचं पिताना त्याचं तोंड कसं झाल्तं? म्हणायचे, मला कुठं दिसलं, मी धारंकडं बघून राह्यल्तो. मंग त्यानं रंगवलेला हा कागद जपानवरून आला पार्सलानं. म्हणलं, आता दिसंल. तर ह्याच्यात बी तोंड न्हाई. हे गेले, मला बी आता एका डोळ्यानं दिसंना. ते तोंड तेवढं बघायचं ऱ्हाऊन गेलं."

मी पाइपकडे बघत होतो. बेताप्रमाणे बोलायचं नव्हतं. पण बेताचं आता राहिलं काय होतं?

झाकण उघडेना. सरांनी एक टोक धरलं, मी दुसरं, दोघांनी ओढलं आणि मी पाठीमागे धान्याच्या कोठीवर जाऊन बसलो. कागद बाहेर काढला. सर एका स्टुलावर आणि मी दुसऱ्यावर चढलो आणि आम्ही तो भिंतीवर, खालच्या कागदाच्या डोक्यावर धरला. चुण्यांना चुण्या मिळाल्या. खांद्यातून दंड आले, दंडातून ओंजळ आली. मान खाली होती, ती ओंजळीकडे. ओठ विलग होते, ते पाण्यासाठी.

गयाबाई उठून अगदी जवळ आल्या. चांगला डोळा पुढे करून बघत राहिल्या. माझे हात भरून आले.

"ही ध्यानमग्नता," मी वरून म्हणालो. काय करणार, सवय.

"कुठलं ध्यान घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "तहान हाय ती. डोळे मिटून प्यायला बघा, लेकरू दूध पितंय तसं. तोंड वाकडं न्हाई केलं त्यानं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "उतरा खाली, हात दुखत असतील."

खाली उतरल्यावर मला गप्प बसता आलं असतं. पण मी भारावलो होतो, आणि भारावलो की मी भाषण करतो. मी सांगितलं की, इतकी वर्षं माझी एकच इच्छा होती, हे दोन्ही कागद एका जागी यावेत. मुंबईत असे कारागीर आहेत, ते भिंतीवरचा कागदही औषध लावून सुटा करतात. मी घेऊन येईन एखाद्याला. खर्च सगळा माझा. सर "बराबर, बराबर" म्हणत राहिले. गयाबाईंनी खालच्या कागदाची कड एकदा बोटाने चाचपली. संध्याकाळी सरांनी मला शिवारात फिरवलं, परतल्यावर मी कागद गुंडाळला नाही. सपाट व्हावा म्हणून मधल्या खोलीतल्या बाजेवर पसरून ठेवला आणि बाहेरच्या खोलीत झोपलो.

टेंभुर्णी, सकाळ

जाग आली ती एका ओळखीच्या वासाने. लहानपणी पतंग चिकटवायला आई कणकेची खळ शिजवायची, तो वास. अंथरुणात पडल्या पडल्या मला मोठं सुख वाटलं. मग मी विचार केला, सकाळी सकाळी खळ कशाला?

मधल्या खोलीत सर स्टुलावर उभे होते. हातात ओल्या फडक्याचा बोळा. संगीताताई खाली पातेलं धरून. माझा वरचा कागद भिंतीवर होता, खालच्या कागदाला घट्ट चिकटलेला. सर शेवटचा कोपरा दाबत होते.

"उठले का सर? जरा जल्दी उठलात. तुम्ही उठायच्या आत उरकायचं होतं."

आमच्या शौकीन मंडळींत पोस्टरला साधी चिकटपट्टी लावणाऱ्याशी लोक बोलणं टाकतात. आणि इथे जगात कदाचित एकुलता एक असलेला कागद कणकेने मातीच्या भिंतीला! मी तोंड उघडलं. तोंडातून जपानी भाषेत "शौचालय कुठे आहे?" एवढंच आलं, कारण घाबरल्यावर मला तेवढंच जपानी येतं.

"मोरचूद टाकलाय खळीत," संगीताताई म्हणाल्या. "बिलकुल कीड लागणार न्हाई."

"बाबांनी बी असंच केल्तं," सर म्हणाले. "बघा ना, रंग हालला का खालचा?"

हलला नव्हता. पुण्यात माझ्या कपाटात औषधी कागदांत गुंडाळून ठेवलेली पोस्टरं पिवळी पडत चाललीत. हा कागद मातीच्या भिंतीवर उघडा, कोवळ्या पानासारखा ताजा.

"पण..." मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणले ना काल," बाजेवर बसलेल्या गयाबाई बोलल्या, "दोन्ही एका जागी यावं, एवढीच इच्छा हाय म्हणून? आता भिंत काय पुण्याला यायची न्हाई. म्हणलं, पाहुण्याचं मन कशाला मोडा."

त्यांचा चेहरा अगदी निरागस होता. ही चूक होती की माझ्यासारख्या बेत करणाऱ्यावर केलेला बेत, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. मिलिंद सरांनी मात्र मनापासून केलं, हे नक्की. स्टुलावरून उतरून ते माझ्याकडे असे बघत होते, की मी आता खूश होऊन काय म्हणतो.

म्हणून मी नीट बघितलं. जोड कुठे होता ते शोधावं लागत होतं. खळीने कागद ओला होता आणि ओल्या कागदावर जांभळं आकाश गडद झालं होतं. काल आम्ही स्टुलांवर चढून धरलं होतं तेव्हा चेहरा चेहरा होता आणि तांब्या तांब्या. आता नजर तांब्यापासून निघत होती, धारेवरून ओंजळीत येत होती आणि ओंजळीतून त्या मिटल्या डोळ्यांपर्यंत जात होती. त्या टोकियोच्या म्हाताऱ्या दुकानदाराने हे पाहायला हवं होतं, असं वाटलं. रिळं हरवली, नट गेले, चित्रकार गेला, आणि आख्ख्या सिनेमातलं जे उरलं ते टेंभुर्णीत, एका पोट सुटलेल्या भिंतीवर पूर्ण झालं. मला ते बघायला मिळालं, शिवाय आमटी.

"लई चांगलं झालं," मी म्हणालो. तिकडच्या बोलीत म्हणालो आणि खरं म्हणालो.

सरांचा चेहरा उजळला. संगीताताईंनी चहा टाकला. मी बाहेर जाऊन बायकोला फोन केला आणि घडलं ते सांगितलं.

"म्हणजे घरातलं एक पोस्टर कमी झालं?" ती म्हणाली. "त्या आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा."

आत आलो तोवर बातमी गल्लीत पोचली होती. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, एकीच्या कडेवर नातू, एकीच्या हाताला भाकरीचं पीठ. मी चहा आणि संगीताताईंनी दिलेलं गरम धपाटं घेऊन कोपऱ्यात बसलो. त्यांना समजावून सांगावं असं माझ्या फार मनात होतं, पण तोंडात धपाटं होतं.

गयाबाई उठल्या. त्यांनी पदर नीट केला, आधी खालच्या तरुणाच्या रुमालाजवळ बोट नेलं, कागद ओला होता म्हणून टेकवलं मात्र नाही.

"हे आमचे," त्या म्हणाल्या. मग बोट हळूहळू वर गेलं, त्या वाकलेल्या चेहऱ्यापर्यंत. "आन् हे जपानहून आल्ते. ह्यांच्यापाशी पाणी मागाय."